मधली काकू आणि प्रमाणाचा धडा

गुणोत्तर आणि प्रमाण या धड्यावर माझ्या मधल्या काकूइतका जीव लावणारं माणूस तापीच्या या काठाला किंवा त्या काठाला कधी झालं नसेल, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. बाकीच्या बायका पाटल्या, नथी, माहेरची लुगडी यांच्याबद्दल ज्या मायेनं बोलतात, त्या मायेनं काकू पूर्वपद आणि उत्तरपद यांच्याबद्दल बोलायची. आणि यात नवल असं, की हा धडा ती शाळेत शिकलीच नव्हती. तिचं माहेर शिरपूरकडचं. सातवीत असताना शाळेत हा धडा सुरू झाला आणि त्याच आठवड्यात तिचं लग्न ठरलं. ती सांगायची, "बाईंनी फळ्यावर एक आकडा काढला, त्याच्यापुढे दोन ठिपके दिले, आणि तेवढ्यात भाऊ मला न्यायला आला. ठिपक्यांच्या पलीकडे काय होतं ते माझं राहूनच गेलं." लग्न होऊन ती यावलजवळच्या आमच्या गावी, केळीच्या बागा आणि चार जावा-नणंदांच्या घरात आली. मग मी सातवीत जाईपर्यंत त्या ठिपक्यांच्या पलीकडे काय आहे हे सांगणारं तिला कोणी भेटलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते आणि व्याख्या घोकत होते. काकू शेजारी सूप घेऊन डाळ निवडत होती. 'पूर्वपद' हा शब्द ऐकला आणि तिचा हात थांबला. "थांब, थांब. ते परत वाच." मी परत वाचलं. 'गुणोत्तरातील पहिल्या पदास पूर्वपद व दुसऱ्या पदास उत्तरपद म्हणतात.' काकूनं सूप खाली ठेवलं. सासरी राहून तिची बोली आमच्यासारखी झाली होती, पण आनंद झाला किंवा राग आला की शिरपूरकडची अहिराणी बाहेर पडायची. "उत्तरपद! माय वं, त्येनं नाव उत्तरपद शे व्हय?" ती म्हणाली, आणि हरवलेली बहीण सापडावी तशी हसली. त्या दिवसापासून माझा अभ्यास हा माझ्या एकटीचा राहिला नाही.

मी कामांची यादी करून जगणारी बाई आहे. माणसाबद्दल लिहायचं तरी सवयी क्रमानं लावून घ्याव्यात असं मला वाटतं. काकूच्या बाबतीत हे सोपं, कारण क्रम हाच तिचा पहिला हट्ट. पदांचा क्रम बदलला की गुणोत्तर बदलतं हे वाक्य तिला कळलं, आणि आमच्या घरातल्या कुठल्याही दोन गोष्टी पुन्हा सुखानं शेजारी नांदल्या नाहीत. गिरणीत कळणा दळायला जायची तर गिरणीवाल्याला सांगायची, "ज्वारी पूर्वपद, उडीद उत्तरपद. उलटं करू नका." एकत्र दळायच्या धान्यात उलटं काय करायचं हे त्या बिचाऱ्याला कळायचं नाही. तो "बरं वहिनी" म्हणून चक्कीचा पट्टा चढवायचा. तिचे यजमान, म्हणजे माझे मधले काका, यांना सगळं गाव नाना म्हणायचं. त्या काळी आमच्याकडे बाजाराला जाताना नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, अशी रीत होती. एका बाजाराच्या दिवशी काकू ओट्यावरून उतरली आणि सरळ पुढे चालू लागली. "आज मी पूर्वपद," एवढंच मागे वळून म्हणाली. नाना फार मऊ स्वभावाचे. त्यांनी पिशवी उचलली आणि उत्तरपद होऊन मागे निघाले. पारावरच्या मंडळींनी विचारलं, "काय नाना, आज गाडी उलटी?" नाना म्हणाले, "गणिताचं काम आहे."

नानांना एकच खोड होती. साधी गोष्ट सांगायची तरी ते तिच्या आजोळापासून सुरुवात करायचे. केळीचा ट्रक का आला नाही हे सांगताना ड्रायव्हरच्या मेहुण्याचं लग्न, त्यात पडलेला पाऊस, मांडवाचा ठेकेदार, असं सगळं यायचं. काकू पूर्वी हे मुकाट्यानं ऐकायची. धड्यातलं 'अतिसंक्षिप्त रूप' तिला सापडल्यावर ती हात वर करायची. "अतिसंक्षिप्त रूप द्या." नाना थांबायचे, मनातल्या मनात दोन्ही बाजूंना कशानं तरी भागायचे आणि म्हणायचे, "ट्रक उद्या येईल."

माझे आजोबा, आबा, यांच्यापुढे मात्र आमच्या घरात कोणी तोंड उघडत नसे. आबांना तुलनेची सवय. शेजारच्यांची सून पहाटे उठते, शेजारच्यांची सून दोन म्हशी एकटी धुते, असं ते रोज न चुकता ऐकवायचे. एकदा जेवताना त्यांनी असंच काही काढलं. काकूनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत हळू आवाजात म्हणाली, "आबा, राशी सजातीय असल्याशिवाय गुणोत्तर मांडता येत नाही." आबांचा घास हातातच राहिला. ही शिवी आहे की श्लोक आहे याचा त्यांना उलगडा होईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुस्तकात आहे, आबा." पुस्तकातलं असलं की आबा पुढे जात नसत. शेजारच्यांची सून त्या दिवसापुरती आमच्या जेवणातून उठून गेली.

हे सगळं हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. पण त्याच वर्षी बातमी आली, की आमच्या गावात अंगणवाडी होणार आहे आणि तिथे शिकवायला गावातलीच, सातवी पास बाई घेणार आहेत. ज्यांची सातवी राहिली आहे त्यांना बाहेरून परीक्षेला बसायची सोय होती. काकूनं हे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी विहिरीवर धुणं धुताना मला म्हणाली, "माय, मला पगाराचं काही नाही गं. सकाळी धुतलेलं लुगडं नेसून घरातून निघायचं, आणि दुपारी परत यायचं. कोणी विचारलं कुठे चालली, तर सांगायला एक जागा पाहिजे. इतकंच." लग्न झाल्यापासून ती शेत, विहीर, बाजार आणि माहेर सोडून कुठे गेली नव्हती, आणि या चारही ठिकाणी कोणीतरी पाठवलं म्हणून जायची. नानांनी लगेच होकार दिला. आबांचा होकार मिळवायला नानांनी ती गोष्ट आजोळापासून सांगायला घेतली, आणि आबा कंटाळून हो म्हणाले. काकूचं ते हात वर करणं त्या दिवशी दिसलं नाही.

मग अभ्यास जोरात सुरू झाला. मराठी, इतिहास, भूगोल यांची तिला भीती नव्हती. गणितात तिचं सगळं चित्त या एका धड्यात. मध्यपदं, अंत्यपदं, परंपरित प्रमाण, चौथं प्रमाणपद, हे शब्द ती चुलीपुढे ओवीच्या चालीवर म्हणायची. आमच्या शाळेच्या गणिताच्या बाई एकदा घरावरून जाताना ते ऐकून थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या काकूंना माझ्या वर्गात बसव आणि तू भाकरी कर." काकूनं ते आतून ऐकलं. त्या दिवशी भाकरी मीच केली.

आता भरिताची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून फिरलं. थंडी पडली की आमच्याकडे शेतावर भरीत करून माणसं जेवायला बोलावतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या, त्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत मिरची-लसणासकट ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. त्या वर्षी आबांनी शाळेची सगळी मास्तरमंडळी बोलावली. काकूला वाटलं, गणिताच्या बाईंना आपली तयारी दाखवायची हीच वेळ. घरी ती नेहमी एका वांग्याला चार मिरच्या घालायची. तिनं चुलीतल्या कोळशानं शेतातल्या खोपीच्या भिंतीवर मांडलं, एकास चार, तर इतक्या वांग्यांस किती? अंत्यपदांचा गुणाकार मध्यपदांच्या गुणाकाराइतका. उत्तर आलं, मिरच्या मोजून बडगीत पडल्या. माझी आई म्हणाली, "जास्त वाटतात गं." काकू म्हणाली, "वाटायचा प्रश्नच नाही, समप्रमाण आहे."

पहिल्या घासाला हेडमास्तर उभे राहिले. दुसऱ्या घासाला चित्रकलेच्या मास्तरांनी हातातली कळण्याची पुरी सोडली आणि पाण्याच्या पाटाकडे धावले. आबा तिखटाला कधी हरलेले नव्हते, त्यांनी ताकाचा तांब्या वाटीत न ओतता सरळ तोंडाला लावला. नाना मात्र डोळ्यांतून पाणी गाळत शेवटपर्यंत खात राहिले आणि विचारलं की म्हणत, "चांगलं आहे. गरम आहे, इतकंच." काकू काड्यांच्या राखेपाशी उभी होती. गणित चुकलं नव्हतं. तिनं ते परत परत तपासलं.

जेव्हा बोलता येऊ लागलं तेव्हा गणिताच्या बाईंनी तिला जवळ बसवलं. "घरी वांगी कुठली असतात?"

"बामणोदची. ही एवढी." काकूनं दोन्ही हातांनी दाखवली.

"आणि आज?"

"आज जरा लहान होती."

"मिरच्या त्याच?"

"नाही. या बांधावरच्या लवंगी."

बाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "मग? नुसतं पुस्तक बघून समप्रमाण म्हणू नये हो. आधी आजूबाजूला तपासून बघावं, खरंच तसं आहे का." बाईंनी ते प्रेमानं सांगितलं. वांग्यांबद्दल सांगितलं. पण काकूनं ते वाक्य धड्यातल्या व्याख्येसारखं पाठ केलं.

त्या दिवसापासून तिनं जगातल्या प्रत्येक जोडीची तपासणी सुरू केली. उदाहरण वाचलं की ती लगेच सोडवायची नाही. आधी उठून खिडकीतून बाहेर बघायची. दिवा मोठा केला की रॉकेल जास्त लागतं, हे तिनं बघून मान्य केलं. ओझं वाढलं की बैल हळू चालतो, हेही मान्य. मुलांना जास्त ओरडलं की ती जास्त ऐकतात का, हे तिनं माझ्या धाकट्या भावावर करून पाहिलं आणि 'व्यस्त' असा निकाल दिला. आम्ही हसायचो. नाना कौतुकानं म्हणायचे, "बघ, कशी पक्की झाली." मलाही तसंच वाटायचं. मी बारा-तेरा वर्षांची, मला तरी काय वाटणार.

परीक्षा यावलला होती. नाना आणि मी तिच्याबरोबर गेलो. ती धुतलेलं निळं लुगडं नेसली होती आणि फाट्यापासून शाळेपर्यंत सगळ्यांच्या पुढे चालली. गणिताचा पेपर देऊन बाहेर आली ती चेहरा उजळून. आम्ही रसवंतीत बसलो. मी प्रश्नपत्रिका मागून घेतली. व्याख्या सगळ्या आलेल्या. उदाहरणांची उत्तरं तिनं घडाघडा सांगितली आणि ती बरोबर होती. मग एक प्रश्न होता, 'खालील राशींमध्ये समप्रमाण आहे की व्यस्तप्रमाण ते लिहा.'

"हा तर सगळ्यात सोपा," काकू म्हणाली.

"मजुरांची संख्या आणि कामाचे दिवस?"

"सम."

"सम?"

"मग? दोन बाया निंदायला लावल्या तर मुकाट्यानं निंदतात. दहा लावल्या की एकीच्या सुनेचं निघतं, दुसरीच्या जावयाचं निघतं, आणि गवत जिथल्या तिथं. मजूर वाढले की दिवस वाढतात."

"केळ्यांची संख्या आणि त्यांची किंमत?"

"व्यस्त. हे तर तुझे नानासुद्धा सांगतील."

नानांनी रसाचा पेला खाली ठेवून गंभीरपणे मान हलवली. "माल वाढला की भाव पडतो. बरोबर लिहिलं."

"गाडीचा वेग आणि लागणारा वेळ?"

"सम. आपल्या गावच्या एसटीवरचा तो तरणा ड्रायव्हर ज्या दिवशी जोरात हाणतो, त्या दिवशी गाडी हमखास बंद पडते. मागच्या आठवड्यात तूच नाही का पायी आलीस?"

"माणसं आणि लागणारं धान्य?"

"ते मी फार विचार करून लिहिलं. पाव्हना उनात का भाकर कमी पडस. माणसं वाढली की धान्य कमी. व्यस्त."

नाना इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक एक पेला रस मागवला. त्या दोघांच्या तोंडावरचं ते समाधान बघून मी प्रश्नपत्रिकेची घडी घातली, बोलून उपयोगही नव्हता, पेपर आत गेला होता. पुस्तकातले मजूर बोलत नाहीत. पुस्तकातली केळी बाजारात जात नाहीत, आणि पुस्तकातली गाडी कधी बंद पडत नाही. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, वर्गात बसून बसून आपोआप कळलं होतं. काकू वर्गात बसलीच नव्हती. तिच्याकडे शब्द होते ते आमच्यापेक्षा पक्के, पण ते शब्द कुठल्या जगात वापरायचे ही खूणगाठ तिला मिळायची राहिली, आणि ती खूणगाठ व्याख्येत छापलेली नसते.

निकाल लागला. बाकीच्या विषयांत ती चांगली पास होती. गणितात थोडक्यात राहिली. त्या एका प्रश्नानं राहिली. गणिताच्या बाई चौकशी करून आल्या आणि आमच्या ओट्यावर बसल्या. बराच वेळ चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "तपासून बघा असं मीच म्हटलं होतं. पण ते मी वांग्यांबद्दल म्हटलं होतं हो."

काकू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "बाई, मी काय खोटं लिखं का?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच माहीत करून घ्यायचं होतं म्हणून.

"नाही," बाई म्हणाल्या. "खोटं एकही नाही."

अंगणवाडीची जागा दुसऱ्या गल्लीतल्या एका मुलीला मिळाली. मुलगी चांगली होती, तिला नावं ठेवायला जागा नाही. मग मदतनीस म्हणून काकूला विचारणं आलं. तिथे सातवीची अट नव्हती, मुलांना खिचडी करून वाढायची आणि भांडी घासायची. काकूचे डोळे क्षणभर लकाकले होते, मी पाहिलं आहे. पण आबा म्हणाले, "आपल्या घरची सून गावाची भांडी घासायला जाणार का?" त्यावर नानांनी तोंड उघडलं, पण त्यांना कुठून सुरुवात करावी तेच सापडलं नाही. पुढच्या वर्षी गणिताला परत बसता आलं असतं. मी तिला म्हटलं, बाईंनीही म्हटलं. ती म्हणाली, "पास होईन गं. पण पास होऊन आता जायचं कुठं?"

त्यानंतर तिच्या सवयी एकेक करून गेल्या. कधी गेल्या हे कोणी टिपून ठेवलं नाही, मीसुद्धा नाही. गिरणीवाल्याला ती नुसतं "दळून ठेवा" म्हणू लागली. नानांच्या गोष्टी पुन्हा आजोळापासून सुरू होऊन शेवटापर्यंत जाऊ लागल्या, आणि त्या तशा जाऊ दिल्याचं नानांनाच वाईट वाटायचं. मध्येच थांबून ते तिच्या हाताकडे बघायचे. हात वर होत नसे. बाजाराच्या वाटेवर ते मुद्दाम रेंगाळायचे, चपलेतला खडा काढायचे, की ती पुढे होईल. ती पण थांबायची. असे ते दोघं भर रस्त्यात एकमेकांसाठी थांबलेले मी पाहिले आहेत.

लग्न होऊन मी जळगावला आले. नव्वदच्या पुढची गोष्ट. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन जळगावला होतं, म्हणून काकू आठ-पंधरा दिवस आमच्याकडे होती. माझ्या दिरांची मुलगी तेव्हा शाळेसाठी आमच्याकडे राहायची, सातवीत होती. एका सकाळी ती स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसली. काकू तुरीच्या शेंगा सोलत होती. पुतणीनं वाचलं, "नळांची संख्या आणि टाकी भरायला लागणारा वेळ. काकूआजी, सम की व्यस्त?"

मी पोळी लाटता लाटता थांबले. आमच्या कॉलनीत तेव्हा पाण्याची बोंब होती. सगळ्यांचे नळ एकदम सुरू झाले की कोणाचीच टाकी भरत नसे, आणि काकू आल्यापासून रोज सकाळी बादली धरून ते बघत होती. मला वाटलं, आता ती उठेल आणि खिडकीशी जाईल. शेजारच्यांच्या नळाचं काढेल, मोटार लावणाऱ्यांचं काढेल, आणि तोंड भरून 'सम' म्हणेल. मी पोरीला समजावून सांगायला तयारच होते, की तुझ्या वहीत वेगळं लिही, पण हेही ऐकून ठेव.

"व्यस्त," काकू म्हणाली. मानसुद्धा वर केली नाही.

"नक्की ना?"

"पुस्तकात तसंच असतं."

पुतणीनं मागच्या पानावर उत्तर ताडून पाहिलं, बरोबर म्हणून खूण केली आणि पुढचं उदाहरण घेतलं. काकूनं शेंगांची टरफलं पदरात गोळा केली आणि मागच्या दारी टाकायला गेली. जाता जाता सिमेंटच्या टाकीचं झाकण उचलून तिनं आत वाकून पाहिलं. मी दारातून बघत होते; मला ठाऊक होतं, पाणी निम्म्याच्याही खाली होतं आणि चारी बाजूंना शेजाऱ्यांचे नळ वाहत होते. तिनं थोडा वेळ आत पाहिलं, आणि आवाज न करता झाकण परत ठेवून दिलं.